तांबटाची वाटणी

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हा घराघरांत पाणी तांब्याच्या घागरीत भरत आणि लेकीला सासरी धाडताना तिच्यासोबत एक तांब्याचा हंडा धाडत. लहानांनी तर ही गोष्ट ऐकावीच. पण ज्यांच्या मिशा पिकल्या आहेत, त्यांनी जरा पुढं सरकून ऐकावी.

नदीकाठच्या एका गावात सदोबा नावाचा तांबट राहत होता. तरुणपणी तो या गावात आला, तेव्हा त्याच्याजवळ एक हातोडा होता, एक ऐरण होती आणि नुकतीच लग्न झालेली बायको होती. तिचं नाव चिमणाबाई. तो पत्रा ठोके, ती भाता ओढी. तो घागर घडवी, ती चिंच लावून घागर घासून लख्ख करी.

चाळीस वर्षं अशीच गेली. पाच खणांचं घर झालं. घरामागं कारखाना झाला. पेठेत भांड्यांचं दुकान झालं. गावाबाहेर चिंचेची अकरा झाडं असलेलं एक शेत झालं. आजूबाजूच्या गावांत म्हणच पडली, ‘देवाचा शब्द आणि सदोबाची घागर, दोन्ही गळत नाहीत.’

सदोबाला तीन मुलं. थोरला केरोबा, धाकटा नारू आणि सगळ्यांत लहान मैना. दोघे मुलगे बापाच्या हाताखाली काम करत. मैना नदीपलीकडच्या गावात एका कष्टाळू शेतकऱ्याच्या घरी सुखानं नांदत होती.

एके दिवशी ठोके घालता घालता सदोबाचा हात थरथरला. हातोडा तिरका पडला आणि नव्या हंड्याला पोचा आला. सदोबानं हातोडा खाली ठेवला आणि बराच वेळ आपल्या हाताकडं बघत बसला.

‘‘पिकलं पान आहे,’’ तो मनाशी म्हणाला. ‘‘गळायच्या आधी सगळं मार्गी लावलेलं बरं. माझ्या मागं पोरांनी भांडायला नको.’’

सदोबा न्यायी माणूस होता. कुणावर गुंजभर अन्याय होऊ नये, यासाठी तो झोप मोडून विचार करी. त्याच गावात पूर्वी एक कापडाचे मोठे व्यापारी होऊन गेले होते. सारे त्यांना कापडशेट म्हणत. त्यांनी दोन मुलांत केलेली वाटणी इतकी चोख होती, की लोक तिचा दाखला देत. आपली वाटणीही तशीच व्हावी, असं सदोबानं ठरवलं.

आठ दिवस त्यानं विचार केला. दोरी घेऊन घर मोजलं, शेत मोजलं, चिंचेची झाडंसुद्धा मोजली. मग गावच्या पंतोजींना बोलावून कागद लिहवला आणि घरच्यांना ओटीवर बसवून तो वाचायला लावला.

पंतोजींनी घसा साफ केला आणि वाचलं, ‘‘माझ्या मागं घराच्या मधोमध भिंत घालावी. उजवी बाजू केरोबाची, डावी नारूची. केरोबा थोरला, म्हणून दुकानाची गादी त्याची. कारखाना नारूचा. शेत निम्मं निम्मं. चिंचेची पाच झाडं याची, पाच त्याची, अकरावं सामाईक. मैनेला एक गाय आणि सात भांडी.’’

केरोबा मान खाली घालून ऐकत होता. नारू आढ्याकडं बघत होता. सदोबाला वाटलं, दोघांचं समाधान झालं.

‘‘चिमणाबाईची व्यवस्था अशी,’’ पंतोजी पुढं वाचू लागले. ‘‘चैत्रापासून भाद्रपदापर्यंत तिनं केरोबाकडं राहावं. आश्विनापासून फाल्गुनापर्यंत नारूकडं राहावं.’’

चिमणाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, ‘‘म्हणजे घराबरोबर मीही वाटली गेले म्हणायची.’’

‘‘अगं, असं काय बोलतेस?’’ सदोबा हसून म्हणाला. ‘‘तुला कशाची ददात पडणार आहे? वर्षाला दोन लुगडी आणि दोन वेळचं जेवण. पोरं काही वाईट नाहीत आपली.’’

‘‘बरं,’’ चिमणाबाई म्हणाली आणि आत गेली.

चाळीस वर्षांच्या संसारात ‘बरं’ या शब्दाला पुष्कळ अर्थ येतात. त्या दिवशीचा अर्थ सदोबाला कळला नाही.

पंतोजी जाताना म्हणाले, ‘‘सध्या अधिक महिना चालू आहे. अधिकात असली कामं करू नयेत. निज महिना लागला, की पौर्णिमेला सही-शिक्का करू.’’

अधिक महिना म्हणजे जावयांचा महिना. चिमणाबाईनं रीतीप्रमाणे तेहतीस अनारसे तळले, तांब्याच्या ताटात रचले, वर फडकं बांधलं आणि सदोबाच्या हाती दिलं.

‘‘मैनेकडं जाऊन या,’’ ती म्हणाली. ‘‘जावयाचं वाण द्या आणि तिच्या गाईचंही तिच्या कानावर घाला.’’

सदोबा ताट घेऊन नदीवर आला. नाव पलीकडच्या तीरावर होती. म्हणून तो काठावरच्या देवळाच्या ओवरीत टेकला. तिथं एका कोपऱ्यात एक म्हातारी बसली होती. शेजारी एक गाठोडं, समोर तीन दगडांची चूल. सदोबानं निरखून पाहिलं आणि तो चपापून उठला.

‘‘वहिनी! तुम्ही? इथं?’’

ती कापडशेटची विधवा होती. एके काळी तिच्या दारात दोन दोन गाड्या उभ्या असत.

‘‘बसा भावोजी,’’ म्हातारी शांतपणे म्हणाली. ‘‘नावेला अजून वेळ आहे.’’

‘‘पण तुम्ही या ओवरीत काय करताय? शेटनी तर तुमची व्यवस्था लावून दिली होती. सारं गाव त्या वाटणीचं नाव घेतं.’’

‘‘लावली होती ना. सहा महिने थोरल्याकडं, सहा धाकट्याकडं. कागदात बारा महिन्यांची नावं एकेक करून लिहिली आहेत.’’ ती किंचित हसली. ‘‘पण यंदा अधिक आला. तेरावा महिना कागदात नाही. थोरला म्हणतो, हा माझा नव्हे. धाकटा म्हणतो, माझी पाळी आश्विनात. त्यांचं ठरेपर्यंत, कालपासून मी आपली देवाकडं.’’

‘‘असली कसली पोरं म्हणायची ही!’’ सदोबा संतापला.

‘‘पोरांना बोल लावू नका भावोजी. लहानपणी एका बोराचे दोन तुकडे करून खायची. कागद हातात आला आणि तेव्हापासून मी त्यांची आई कमी आणि पाळी जास्त झाले. कुणी मला विचारलंच नव्हतं, की बाई, तुला कुठं राहायचंय. विचारलं असतं तर मी म्हणाले असते, माझी एक खोली माझ्या नावानं असू द्या. मग पोरं आपण होऊन आली असती.’’

आपलाही कागद बारा महिन्यांचाच आहे, हे सदोबाच्या ध्यानात आलं. त्यानं ताटावरचं फडकं सोडलं आणि तीन अनारसे म्हातारीच्या हातावर ठेवले.

‘‘अहो, हे जावयाचं वाण. तेहतीस मोजलेले असतात. मोडू नका.’’

‘‘जावई काही मोजणार नाही,’’ सदोबा म्हणाला.

जावयानं मोजले नाहीत. पण मैनेनं मोजले.

‘‘बाबा, तीसच कसे? आई मोजल्याशिवाय ताट बांधत नाही.’’

सदोबानं तिला ओवरीतल्या म्हातारीची हकीकत सांगितली. मग आपल्या कागदाची सांगितली. मैनेनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘बाबा, तुमच्या कागदात अधिक महिना कुणाच्या वाट्याला आहे?’’

‘‘तो लिहायचा राहिला. आता लिहून घेतो.’’

‘‘लिहाल हो. पण तुम्ही तेरा महिने लिहा नाहीतर तीस लिहा, आईला विचारलंत का?’’

‘‘तिला काय विचारायचं? तिला या व्यवहारातलं काय कळतं? कारखाना मी चालवला, दुकान मी चालवलं.’’

मैना हसू लागली. ‘‘बाबा, तुमची घागर गळत का नाही, ठाऊक आहे तुम्हाला?’’

‘‘हाताला कसब आहे, म्हणून.’’

‘‘कसब आहेच. पण तुम्ही पहाटे नदीवर आंघोळीला गेलात, की आई परसात सगळ्या नव्या घागरी पाण्यानं भरून ठेवायची. खाली कोरडी राख पसरायची. ज्या घागरीखालची राख भिजली, तिच्या बुडाला आतून हळदीचं बोट लावायची आणि ती घागर गुपचूप तुमच्या अर्धवट कामांच्या ढिगात ठेवून द्यायची. मी लहानपणापासून तिच्याबरोबर राख चाळत आले.’’

सदोबा बघतच राहिला. हळदीची ती बोटं त्यानं हजारदा पाहिली होती. त्याला वाटे, बायकांची काहीतरी पूजा असेल. आणि ढिगातली घागर हाती आली, की त्याला वाटे, हिचं काम आपण पुरं करायचं विसरलो. मग तो पुन्हा डाग लावून सांधा बुजवी, पुन्हा ठोके घाली.

जावयानं आग्रह केला, तरी तो दुसऱ्या दिवशी पहिल्या नावेनं निघाला आणि गावात शिरताच थेट घराच्या मागच्या दारानं आत गेला.

परसात चिमणाबाई राखेवर ओणवी झाली होती. पुढ्यात नऊ घागरी पाण्यानं भरलेल्या. नवऱ्याला अवेळी आलेला बघून ती दचकली आणि हळदीची वाटी पदराआड करू लागली.

‘‘राहू दे,’’ सदोबा म्हणाला आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसला. त्यानं एका घागरीखाली हात घातला. राख ओली लागली.

‘‘सदोबाची घागर गळत नाही म्हणतात,’’ तो म्हणाला.

‘‘मग खोटं थोडंच आहे? गळकी कधी घराबाहेर गेलीच नाही.’’

‘‘चाळीस वर्षं मला सांगितलं का नाहीस?’’

‘‘सांगितलं असतं, तर तुमचा हात भ्याला असता. भ्यालेल्या हाताचा ठोका सरळ पडत नाही.’’

सदोबाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिला दिसू नये, म्हणून तो घागरीत वाकून बघू लागला. मग म्हणाला, ‘‘मी घर मोजलं, शेत मोजलं. तुला मात्र विचारायचं राहिलं. सांग, तुला काय हवं?’’

चिमणाबाईनं त्याच्याकडं बघितलं. ‘‘खरंच विचारताय?’’

‘‘खरंच.’’

‘‘मग मला विचार करायला वेळ द्या. तुम्ही आठ दिवस घेतलेत. मला तीन पुरेत.’’

ते तीन दिवस सदोबाला तीन वर्षांसारखे गेले. बायको काय मागेल, याचा त्याला अंदाज येईना. सगळं धर्माला देऊन टाका म्हणाली तर? मैनेकडं राहायला जाते म्हणाली तर? चिमणाबाई मात्र रोजच्यासारखी भाकऱ्या थापत होती. अधूनमधून कारखान्याच्या दारात उभी राही, दोन्ही पोरांकडं बघे आणि परत चुलीकडं जाई.

चौथ्या दिवशी मैनेला बोलावणं गेलं. पंतोजी आले. सारे ओटीवर बसले. या वेळी चिमणाबाई दारात उभी राहिली नाही. ती सदोबाच्या शेजारी येऊन बसली.

‘‘हे घर माझ्या नावानं लिहा,’’ ती म्हणाली. ‘‘मी जिवंत आहे तोवर मधोमध भिंत नको. या घरात ज्याला राहायचं त्यानं राहावं, पण चूल माझी. मी कुणाच्या पाळीला जाणार नाही. मी इथंच असेन, ज्याला आईची आठवण येईल त्यानं यावं.’’

‘‘लिहा पंतोजी,’’ सदोबा म्हणाला.

‘‘आता दुकान आणि कारखाना.’’ चिमणाबाई थोरल्याकडं वळली. ‘‘केरोबा, खरं सांग. तुला गादीवर बसायचंय?’’

केरोबानं बापाकडं बघितलं, मग जमिनीकडं. ‘‘बाबांनी थोरला म्हणून मान दिला. नाही कसं म्हणायचं?’’

‘‘मी मानाचं विचारत नाही.’’

‘‘आई, मला चार माणसांत बोलायचं म्हटलं, की घाम फुटतो. मला आपलं भट्टीजवळ बरं वाटतं. ठोके घालताना कुणाशी बोलावं लागत नाही.’’

‘‘आणि तू रे नारू?’’

नारू केव्हाचा चुळबुळत होता. ‘‘आई, अगं, मी भट्टीजवळ बसलो, तरी कान पेठेतच असतात. कुणाकडं लग्न आहे, कुणाला हंडा हवाय, मला सगळं ठाऊक असतं. पण बाबांनी मोजून मापून दिलं, म्हटलं, आपण कशाला तोंड उघडा?’’

पंतोजी हसू लागले. सदोबानं कपाळाला हात लावला. ‘‘म्हणजे तुम्ही दोघं त्या दिवशी नाराज होतात?’’

‘‘तुम्ही वजन बरोबर केलंत,’’ चिमणाबाई म्हणाली. ‘‘फक्त कुठलं पारडं कुणापुढं ठेवायचं, तेवढं चुकलं. कारखाना केरोबाला, दुकान नारूला.’’

दोघा भावांच्या चेहऱ्यांवर असं हसू आलं, की त्यांचं लग्न ठरलं तेव्हाही तसं आलं नव्हतं.

‘‘शेत मात्र मैनेला,’’ चिमणाबाई म्हणाली.

केरोबा चाचरत म्हणाला, ‘‘आई, मैना आमची लाडकी आहे. पण शेत परगावी जाणार?’’

‘‘बारा वर्षं या पोरीनं चिंचा वेचल्या. घागरी घासून तिच्या बोटांची सालं निघाली. तुम्हाला हातातलं कसब दिलं, ते परत कुणी काढून घेणार नाही. तिला तेही दिलं नाही, तांबटाची लेक असून हातोड्याला हात लावू दिला नाही. मग तिला एक गाय देऊन वाटेला लावायचं?’’

केरोबा ओशाळला. नारू म्हणाला, ‘‘दादा, आई म्हणते ते खरं आहे. लहानपणी मी नदीत पडलो, तेव्हाही हिनंच ओढून काढलं होतं. मी पेठेत सगळ्यांशी बोलतो, पण हिच्या बाजूनं कधी बोललो नाही.’’

‘‘मला शेत एकटीला नको,’’ मैना म्हणाली. ‘‘नांगर माझ्या घरच्या बैलांचा. पण चिंच कारखान्याचीच. दर उन्हाळ्यात गाडी भरून मी स्वतः घेऊन येईन.’’

‘‘मग ठरलं,’’ चिमणाबाई म्हणाली आणि नवऱ्याकडं वळली. ‘‘आणि एक. हे सगळं तुमच्या मागं कशाला? तुमच्या डोळ्यांदेखत होऊ द्या. दिलेलं बघायचंही सुख असतं.’’

पंतोजींनी जुना कागद फाडला आणि नवा लिहायला घेतला. निज महिन्याच्या पौर्णिमेला त्यावर शिक्का पडला.

पण चिमणाबाईनं पौर्णिमेची वाट बघितली नाही. ओवरीतली हकीकत सदोबानं तिला सांगितली होतीच; कागद ठरला त्याच दिवशी दुपारी ती नदीवर गेली. ओवरीतल्या म्हातारीचं गाठोडं तिनं आपल्या डोक्यावर घेतलं आणि म्हणाली, ‘‘वहिनी, उठा. माझ्या घरात चला.’’

‘‘अगं, तुझे यजमान काय म्हणतील?’’

‘‘ते काही म्हणणार नाहीत. घर माझं आहे.’’

हे वाक्य चिमणाबाई आयुष्यात पहिल्यांदाच बोलली होती. बोलून झाल्यावर तिलाच हसू आलं. मग म्हातारीही हसली.

कापडशेटची बायको तांबटाच्या घरी जेवते आहे, ही बातमी दिवस मावळायच्या आत पेठभर झाली. शेटच्या दोन्ही मुलांना मान वर करून चालता येईना. दुसऱ्या दिवशी दोघे एकदमच दारात आले आणि आधी कोण पुढं होणार म्हणून थबकले.

‘‘आई, घरी चल,’’ थोरला म्हणाला. ‘‘महिना कुणाचाही असो.’’

‘‘चल ना आई,’’ धाकटा म्हणाला. ‘‘आम्ही चुकलो. पंतोजींकडून तुझ्या नावानं एक खोली लिहून आणली आहे. ती तुझीच. पाळीबिळी काही नाही.’’

म्हातारीनं चिमणाबाईकडं बघितलं. चिमणाबाई म्हणाली, ‘‘जा वहिनी. पण आज पुरणपोळी केली आहे. दोघांना आत बसवा, खाऊन मगच निघा.’’

सदोबा त्यानंतर नऊ वर्षं जगला आणि चांगला जगला. केरोबाचा हात असा बसला, की लोक म्हणू लागले, पोरगा बापाला मागं टाकणार. नारूच्या दुकानात गिऱ्हाईक भांडं घ्यायला येई आणि गप्पा मारत दोन भांडी घेऊन जाई. दर उन्हाळ्यात मैनेची चिंचेची गाडी आली, की घर आठ दिवस भरलेलं असे. केरोबाच्या पोरीनं हातोडा मागितला, तेव्हा सदोबानं आपला स्वतःचा हातोडा तिच्या हातात दिला आणि कसा धरायचा ते दाखवलं.

कधी एखादा परगावचा पाहुणा दारात उभा राहून विचारी, ‘‘सदोबा तांबटाचं घर हेच का?’’

ओटीवर ऊन खात बसलेला सदोबा म्हणे, ‘‘घर चिमणाबाईचं. सदोबा इथं राहतो. या, आत या.’’

आणि पुढं त्या गावात रीतच पडली. वाटणीचा कागद लिहायला बसलं, की पंतोजी दौत उघडण्याआधी विचारत, ‘‘घरधनिणीला विचारलंत का?’’

म्हणून सांगतो, ज्या हातांनी घर उभं केलं त्यांना आधी विचारावं आणि मगच वाटणीची दोरी हातात धरावी.